मेंढा गावची सभा

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणारी सडक साग, मोह आणि बांबू यांच्या रानातून जाते. धानोरा गाठण्यास थोडेच अंतर उरले असता ह्या सडकेच्या जवळ मेंढा नावाचे एक लहानसे गाव लागते. शेजारच्या लेखा गावाचे नाव जोडून त्यास मेंढा (लेखा) असे म्हणतात. वस्ती गोंड लोकांची. माणसे जेमतेम पाचशेच्या घरात. गावाभोवती भातखाचरे आणि त्यांपलीकडे दूरवर पसरलेले रान. प्रवाशाने मुद्दाम थांबून पाहावे असा किल्ला किंवा प्राचीन मंदिर येथे नाही. तरीही गेल्या कित्येक वर्षांत दूरदूरचे अभ्यासक, अधिकारी आणि मंत्रीसुद्धा ह्या गावी येऊन गेले आहेत. ते येतात ते येथील सभा समजून घेण्यासाठी.

सभेतील भाषण म्हटले की व्यासपीठ, हारतुरे आणि टाळ्यांचा कडकडाट डोळ्यांपुढे उभा राहतो. अथेन्सचा थोर वक्ता डेमॉस्थेनीस बालपणी अडखळत बोलत असे. तोंडात खडे धरून त्याने आपली वाणी शुद्ध केली, अशी जुनी कथा आहे. कथा बोधप्रद खरीच. परंतु तिच्यावरून असा समज होतो की, वक्तृत्व ही केवळ जिभेची आणि घशाची विद्या होय. मेंढा येथील सभेचा इतिहास ह्या समजाला छेद देतो. तेथील माणसांच्या वाणीत दोष कधीच नव्हता. आपण बोललो तर कोणी ऐकेल, ह्या विश्वासाची मात्र त्यांच्याजवळ वाण होती.

त्यासाठी ह्या मुलखाची ओळख करून घेतली पाहिजे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा जिल्हा चंद्रपूर जिल्ह्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात मोडत असे. येथे एका भाषेचे राज्य नाही. वैनगंगेच्या काठाने झाडीबोली ऐकू येते; सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या काही गावांत बंगाली, भामरागडच्या रानात माडिया आणि धानोऱ्याच्या परिसरात गोंडी. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. तेलुगूशी तिचे नाते आहे, मराठीशी नाही. २०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे तीस लक्ष लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. असे असूनही कचेरीतला कागद गोंडीत नसतो आणि न्यायालयाची भाषाही ती नाही. घरी गोंडीत गोष्टी ऐकत वाढलेले मूल शाळेत पाऊल टाकते, तेव्हा त्याच्या कानांवर निराळेच शब्द पडतात. ते गप्प बसते. गुरुजींना वाटते, ह्याला काही येत नाही. आणि थोड्याच दिवसांत त्या मुलालाही तसेच वाटू लागते.

मनुष्य स्वतःकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, ह्याचा विचार अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात केला आहे. इतरांच्या डोळ्यांचा माणूस आरसा करतो, असे त्यांचे प्रतिपादन. लोकांना आपण कसे दिसत असू, ते आपल्याविषयी काय मत बनवीत असतील, ह्याची तो कल्पना करतो आणि त्या कल्पनेवरून स्वतःविषयी अभिमान किंवा लाज बाळगतो. आरसा वाकडा असेल तर रूपही वाकडे दिसते. ज्या माणसाला वनरक्षकापासून तहसिलीतल्या शिपायापर्यंत प्रत्येकाने अडाणी म्हणूनच पाहिले, त्याने त्या आरशात दुसरे काय पाहावे?

हे मौन जन्मजात नव्हते, ह्याचा पुरावा ह्याच भूमीत आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया ह्या जिल्ह्यांच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. धान घरात आले, मंडईचे दिवस सुरू झाले, की येथे नाटकांचा हंगाम लागतो. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे त्याचे मोठे केंद्र. उघड्या मैदानावर मंडप उभारून रात्रभर नाटक चालते आणि हजारो प्रेक्षक थंडीत कांबळे पांघरून ते पाहतात. ह्या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. रात्री रंगमंचावर राजाची भूमिका करून मैदान दणाणून सोडणारा शेतकरी सकाळी सातबाऱ्यासाठी कचेरीत गेला की खालच्या मानेने बोलतो, ह्यात नवल असे काहीच नाही. रंगमंचावर तो राजा असतो, आणि राजाचे बोलणे ऐकावेच लागते.

सभेत उभे राहताच छाती धडधडू लागते, घशाला कोरड पडते, तळहात घामेजतात. शरीराचा हा जुना धर्म आहे. पुढे संकट दिसले की शरीरात ॲड्रेनलिन नावाचा स्राव वाढतो, हृदय वेगाने चालू लागते आणि स्नायू पळण्यासाठी अथवा झुंजण्यासाठी सज्ज होतात. वाघासमोर हे उपयोगाचे आहे. परंतु शंभर डोळे आपल्यावर रोखलेले पाहूनही शरीर तीच तयारी करते. सावकाश घेतलेल्या श्वासाने आणि सरावाने हा वेग आटोक्यात येतो, पूर्णपणे नाहीसा होत नाही. नामांकित वक्त्यांचाही होत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपल्या शब्दाला किंमत आहे अशी खात्री असलेल्या माणसाची छाती धडधडली तरी तो बोलतो. मेंढा येथील लोकांनी ही खात्री कोणत्या उपायाने मिळविली?

१९८० नंतरच्या दशकात गोदावरी आणि इंद्रावती या नद्यांवर इचमपल्ली व भोपालपट्टणम येथे मोठी धरणे बांधण्याचे घाटत होते. त्यांमुळे विस्तीर्ण रान आणि अनेक गावे पाण्याखाली गेली असती. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले. लालश्यामशहा महाराज, बाबा आमटे अशी मंडळी त्यात अग्रभागी होती. आंदोलनातून गावोगावी विचार सुरू झाला. त्या काळात चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल मेंढा येथे येऊ लागले. ह्या गृहस्थांनी आडनाव टाकून आई आणि वडील अशा दोघांचीही नावे आपल्या नावापुढे लावली होती. स्वतःला कोणत्या नावाने ओळखावे, हेही माणूस विचारपूर्वक ठरवू शकतो, ह्याचे हे उदाहरणच म्हणावे लागेल. गावाला उपदेश करण्याचा त्यांचा हेतू नव्हता. गाव निर्णय कसे घेते, हे त्यांना समजून घ्यावयाचे होते. गावातून देवाजी तोफा यांच्यासारखा कार्यकर्ता पुढे आला आणि ह्या संवादातून दोन निरनिराळ्या बैठकी आकारास आल्या.

पहिली बैठक अभ्यास गटाची. ज्याला इच्छा असेल त्याने यावे, बाहेरच्या जाणकारांनीही यावे, एखादा विषय मनसोक्त चर्चावा. रानात बांबू किती आहे, वनाचा कायदा काय म्हणतो, मधमाशा न मारता मध कसा काढता येईल, असे प्रश्न तेथे निघत. परंतु अभ्यास गटात निर्णय घ्यावयाचा नाही, असा दंडक. दुसरी बैठक ग्रामसभेची. तेथे निर्णय होतात. तेथे गावातील प्रौढ स्त्री-पुरुष बसतात आणि बाहेरचा कितीही विद्वान असला तरी त्याचे मत मोजले जात नाही.

ही विभागणी वरवर साधी वाटते. पण बोलण्याच्या दृष्टीने तिच्यात फार मोठे शहाणपण आहे. निर्णय लगेच व्हावयाचा असला की माणूस जपून बोलतो. आपले चुकले तर हसे होईल, शब्द मागे घेता येणार नाही, ही धास्ती त्याला असते. अभ्यास गटात ही धास्ती उरत नाही. अर्धवट सुचलेला विचारही तेथे मांडता येतो. दुसरा तो पुरा करतो, तिसरा त्यातील चूक दाखवितो आणि कोणाचाही पराभव होत नाही. अशा बैठकीत चार वेळा बोललेला माणूस ग्रामसभेत पाचव्या वेळी बोलतो, तेव्हा त्याचा विषय पक्का झालेला असतो आणि जीभही सैल झालेली असते. शाळेतील वक्तृत्वस्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलाला पाठांतरापेक्षा अशा चार बैठकींचा उपयोग अधिक होईल.

ग्रामसभेचा नियम तर याहून विलक्षण. तेथे हात वर करून बहुमत मोजीत नाहीत. सर्वांची संमती मिळाली तरच निर्णय होतो. कोणाचा विरोध असेल तर विषय पुढील सभेवर जातो. इंग्लंडात सतराव्या शतकात उदयास आलेल्या क्वेकर पंथाच्या सभांतही मते न मोजता निर्णय घेण्याची प्रथा आहे, आणि अनेक आदिवासी समाजांत ती जुनी आहे. ह्या नियमाने वक्त्याचे काम पार पालटून जाते. बहुमताच्या सभेत निम्म्यांहून एक अधिक माणूस आपल्या बाजूस आला की पुरे. उरलेल्यांची मने दुखावली तरी चालते. एकमताच्या सभेत वक्त्याची दृष्टी जो सर्वांत नाराज आहे त्याच्याकडे वळते. त्याची अडचण काय, हे ऐकल्यावाचून पुढे जाताच येत नाही. म्हणून अशा सभेत उत्तम बोलणारा तो, जो आधी उत्तम ऐकतो. टोमणा मारून टाळ्या मिळविणाऱ्याला येथे काही लाभ नाही. ज्याला टोमणा मारला त्याचीच संमती शेवटी मागावी लागते.

ही रीत सोपी आहे असे मात्र कोणी समजू नये. एकेका निर्णयाला महिने लागतात, प्रसंगी वर्षेही. शिवाय एकमताच्या नावाखाली भिडस्त माणसाला दडपून टाकण्याचा धोका असतोच. गप्प बसणे आणि संमती देणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. सभेत जो गप्प आहे त्याला नाव घेऊन विचारावे लागते, त्याचा चेहरा वाचावा लागतो. शब्दांइतकेच डोळे, बसण्याची ढब आणि मध्येच पडलेली शांतता यांतून माणसे बोलत असतात.

ह्या रीतीची कसोटी दारूबंदीच्या प्रश्नावर लागली. मोहाची दारू हा गोंड समाजात केवळ व्यसनाचा विषय नाही. देवकार्यातही तिला स्थान आहे. दारूपायी घरात होणारा त्रास स्त्रियांना सोसावा लागे. आजवर सभेच्या कडेला बसणाऱ्या स्त्रियांनी तो सभेत मांडला. पुरुषांना तो पटण्यास वेळ लागला. अखेर गावाने दारूबंदी स्वीकारली; देवापुढे ठेवण्यापुरती सूट राहिली. बहुमताने हा प्रश्न एका दिवसात निकाली निघाला असता. पण मग दुसऱ्या दिवशी पाळणार कोण?

ह्याच काळात गावाची घोषणा तयार झाली: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ भाषेच्या अभ्यासकाने ‘आम्ही’ ह्या शब्दापाशी थोडे थांबावे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो आत घेतला जातो. इंग्रजीत ह्या दोहोंना एकच शब्द आहे. मेंढ्याच्या लोकांनी बाहेरच्या जगाला सांगताना ‘आम्ही’ म्हटले. परंतु सभेत बसून ठरविताना ‘आपण’ म्हटल्याखेरीज चालत नाही. एका शब्दाच्या निवडीने सभा जुळते किंवा दुभंगते.

बोलणाऱ्याची तयारी ही संवादाची अर्धी बाजू झाली. दुसरी बाजू ऐकणाऱ्याची, आणि तिचे धडे ह्या जिल्ह्यात बाहेरून आलेल्यांना घ्यावे लागले. १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे आरोग्यसेवेसाठी राहिले, तेव्हा माडिया लोकांची भाषा त्यांना येत नव्हती. रोग्याला कोठे दुखते हे कळल्याशिवाय औषध कसे द्यावे? शहाण्या माणसांनी करावे तेच त्यांनी केले: स्वतः माडिया शिकले.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था गडचिरोलीत स्थापिली. तिचे केंद्र शोधग्राम हे धानोऱ्याच्याच वाटेवर आहे. रुग्णालय कसे हवे, हे त्यांनी लोकांना विचारले. उंच इमारतीची आणि तिच्यातील अनोळखी वातावरणाची लोकांना भीती वाटे. म्हणून आदिवासी पाड्यासारखी बैठी रचना केली, रोग्याच्या नातेवाइकांना जवळ राहता यावे अशी सोय ठेवली आणि रुग्णालयाला दंतेश्वरी मातेचे नाव दिले. त्यांच्यापुढे आणखी एक अडचण होती. लहान बालकांना होणारा न्यूमोनिया श्वासांच्या वेगावरून ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतील बालकाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक झाले, त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास किंवा अधिक झाले, तर धोका समजावा. परंतु गावातील कित्येक सुइणींना इतके आकडे मोजता येत नसत. तेव्हा एक साधे यंत्र तयार करण्यात आले. त्यात मिनिटभरात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा तांबडा मणी सरकला तर बालकास न्यूमोनिया आहे असे समजावे. दहापर्यंत मोजणे सुइणींना येत होते. सुईण अडाणी म्हणून तिला बाजूस सारणे सोपे होते. त्याऐवजी निरोपच तिला कळेल अशा रूपात घडविण्यात आला.

कधी कधी संपूर्ण वाद एका शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपतो. मेंढा गावाच्या बाबतीत तो शब्द होता बांबू. वनस्पतिशास्त्र सांगते की, बांबू हा गवताच्या कुळातला आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात मात्र त्याची गणना झाडांत होत असे. झाड म्हटले की ते इमारती लाकूड आणि त्यावर वनखात्याचा अधिकार; गवत म्हटले की ते गौण वनोपज आणि त्यावर गावाचा हक्क. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात स्पष्टपणे केला. २००९ मध्ये मेंढा गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांपैकी ते एक होय. तरीही बांबू विकून गावाबाहेर नेण्याचा परवाना मिळेना. कायद्यातला शब्द गावाच्या बाजूचा होता. पण तो वाचून, समजून, कचेरीत जाऊन, आवाज न चढविता पुन्हा पुन्हा सांगावा लागला. अभ्यास गटात वर्षानुवर्षे कायदा वाचला गेला होता, तो अशा वेळी कामास आला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढा येथे आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक गावाच्या हाती देण्यात आले. परवाना देण्याचा अधिकार त्या दिवसापासून ग्रामसभेकडे आला. कचेरीच्या दारात तिष्ठत उभ्या राहणाऱ्या माणसांना आता स्वतःच्याच सभेत बसून परवाना लिहावयाचा होता. आरसाच पालटला म्हणावयाचे.

त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि सभेत बोलण्याची गरज त्या सर्व गावांपुढे उभी राहिली. उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम येतो. पहाटे रानात जाऊन पाने तोडावयाची, त्यांचे पुडे बांधावयाचे आणि फळीवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या जागी, नेऊन द्यावयाचे. अनेक ग्रामसभा आता हा व्यवहार स्वतः ठरवितात. व्यापारी भाव सांगतो. तो हिंदीत बोलतो आणि भरभर बोलतो. करारातील एखादी ओळ न विचारता सुटली तर सबंध गावाची मजुरी अडकून पडते. अशा वेळी ‘हे वाक्य पुन्हा वाचा, आम्हांला समजले नाही’ असे चारचौघांत म्हणण्यास जे धैर्य लागते, ते व्यासपीठावरील भाषणाच्या धैर्याहून कमी नाही. समजले नाही असे सांगण्याची लाज वाटणे, हीच कित्येक फसवणुकींची सुरुवात असते.

धानोरा तालुक्यातच मोहगाव नावाचे दुसरे एक गाव आहे. तेथील ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शाळेच्या नावात ‘गोटुल’ हा शब्द आहे. गोटुल म्हणजे गोंड तरुणतरुणींची एकत्र येण्याची, गाणे-नाचणे आणि रीतिभाती शिकण्याची जुनी संस्था. पहिलीत येणाऱ्या मुलाला येथे गुरुजींचे पहिले वाक्य आईच्या भाषेत ऐकावयास मिळते आणि उत्तरही त्याच भाषेत देता येते. शाळेच्या मान्यतेचा प्रश्न निघाला, तेव्हा ग्रामसभेने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागितली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्यांनी सोयी कराव्यात, असे संविधानाच्या ३५० क ह्या अनुच्छेदात सांगितले आहे.